मैदानावरचे मृत्यू कोण लक्षात ठेवतं? कोलकात्याचा १६ ऑगस्ट आणि नागपूरचा २६ नोव्हेंबर

कोलकात्यात दरवर्षी १६ ऑगस्टला रक्तदान शिबिर भरतं. बंगालमधल्या फुटबॉलचा कारभार पाहणारी इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफए, ते भरवते. रक्त द्यायला मोहन बागानला मानणारे येतात, तसेच ईस्ट बंगालला मानणारेही येतात. एरवी ही मंडळी एकमेकांच्या संघाचं नाव सरळ घेत नाहीत. पण रक्ताच्या पिशवीवर गट लिहितात तो रक्ताचा, क्लबचा नाही.

या दिवसाला तिथे 'फुटबॉलप्रेमी दिवस' म्हणतात. नाव आनंदाचं वाटतं, पण मागे आहेत १६ मृत्यू. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातला सामना बघायला गेलेले सोळा जण घरी परतले नाहीत.

खेळाच्या मैदानावर अशी माणसं गेली, तर पुढे त्यांचं स्मरण कोण करतं? आणि ज्या वैरातून हे घडलं, त्या वैराचं काय होतं? कोलकात्याचं उत्तर एक आहे, लिव्हरपूलचं थोडं वेगळं आहे. महाराष्ट्रातही अशी एक तारीख आहे. ती मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

ईडनवर त्या दिवशी काय झालं?

सामना कलकत्ता लीगचा होता. सॉल्ट लेकचं भलंमोठं स्टेडियम तेव्हा उभं राहिलेलं नव्हतं, ते १९८४ साली सुरू झालं. त्यामुळे मोठी गर्दी अपेक्षित असली की फुटबॉलचा सामना क्रिकेटच्या ईडन गार्डन्सवर व्हायचा. स्टेडियम खचाखच भरलं होतं. दोन्ही संघांच्या चाहत्यांना काटेकोरपणे वेगळं बसवण्याची सोय नव्हती. एकाच स्टँडमध्ये, एकाच बाकावर दोन्हीकडचे लोक होते.

उत्तरार्धात मोहन बागानचा विंगर बिदेश बोस याला ईस्ट बंगालचा बचावपटू दिलीप पालित याने पाडलं. बोसने उलटून प्रतिकार केला. पंच सुधीन चॅटर्जी यांनी दोघांनाही लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. फुटबॉलमध्ये असं होतच असतं. पण प्रेक्षकांत ठिणगी पडली. रणजी स्टँडमध्ये हाणामारी सुरू झाली, दगड आणि विटा उडू लागल्या. मार चुकवायला लोक जिन्यांकडे आणि फाटकांकडे धावले. जिने अरुंद होते आणि मागून येणाऱ्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं. जे खाली पडले, त्यांना उठता आलं नाही.

सामना थांबला नाही. मैदानावर चेंडू फिरत होता आणि स्टँडच्या मागच्या बाजूला माणसं मरत होती. किती जण गेले, हे खेळणाऱ्यांनाही नंतरच कळलं. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पंधरा वर्षांनी नागपुरात हेच पुन्हा घडणार होतं.

मेलेले बहुतेक तरुण होते. त्यांच्यात दोन्ही संघांचे चाहते होते. या घटनेवर मन्ना डे यांनी बंगालीत गाणं गायलं आणि ते घराघरात पोचलं. मराठी रसिकांनाही आपले वाटणारे मन्नादा बंगालमध्ये आजही अनेकांना या गाण्यामुळे आठवतात.

चेंगराचेंगरी म्हणजे पळापळ नव्हे

हिंदी वाहिन्यांवर अशा घटनेला 'भगदड' म्हणतात. त्या शब्दात पळणं आहे. लोक घाबरले, बेभान होऊन पळाले, एकमेकांना तुडवलं, असं चित्र त्यातून उभं राहतं, आणि दोष आपोआप गर्दीवर जातो. मराठीतला 'चेंगराचेंगरी' हा शब्द जास्त खरा आहे. बहुतेक वेळा कुणाला पळता येतच नाही, पळायला जागाच नसते.

एका चौरस मीटर जागेत दोन-तीन माणसं असली, तर चालता येतं, वळता येतं. हा आकडा पाच-सहाच्या पुढे गेला की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही. गर्दी पाण्यासारखी वागते, लाट येते आणि माणूस तिच्याबरोबर वाहत जातो. पाय जमिनीवरून उचलले जातात. सगळ्या बाजूंनी दाब आला की छाती फुगायला जागा राहत नाही, श्वास आत घेता येत नाही. अशा घटनांतले बरेच मृत्यू तुडवल्याने होत नाहीत, गुदमरून होतात, आणि कित्येकदा उभ्या उभ्या होतात.

मागच्या माणसाला यातलं काही कळत नाही. तो नेहमीसारखा पुढे सरकत असतो. हजार माणसांनी एकेक पाऊल पुढे टाकलं, की फाटकाशी उभ्या असलेल्याच्या बरगड्यांवर त्या सगळ्यांचा भार येतो.

म्हणून चौकशीत विचारायचे प्रश्न साधे असतात. फाटकं किती होती, उघडी होती की बंद, ती बाहेरच्या बाजूला उघडत होती का, आत किती माणसं सोडली आणि ती कुणी मोजली? चाहते उद्दाम होते का, हा प्रश्न त्यानंतरचा. प्रत्यक्षात मात्र तोच आधी विचारला जातो.

वैर आहे तरी कशाचं?

मोहन बागान १८८९ चा क्लब. १९११ साली त्याने अनवाणी खेळाडूंच्या जोरावर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड जिंकली आणि तो विजय स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टींत जाऊन बसला. ईस्ट बंगाल १९२० चा. नावाप्रमाणेच तो पूर्व बंगालातून आलेल्यांचा क्लब. फाळणीनंतर पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे कोलकात्यात आले. घर गेलं, जमीन गेली, नव्या शहरात आपलं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, तेव्हा लाल-सोनेरी जर्सी होती. मूळच्या पश्चिम बंगालवाल्यांना 'घोटी' म्हणतात, पूर्वेकडच्यांना 'बांगाल'. जिंकल्यावर एका घरात हिल्सा मासा शिजतो, दुसऱ्या घरात कोळंबी. बोलीचा फरक, स्वयंपाकाचा फरक, कोण आधी आलं आणि कोण नंतर, हे सगळं नव्वद मिनिटांत येऊन बसलं.

हे किती ताणलं जाऊ शकतं, याचा एक आकडा सांगण्यासारखा आहे. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. ईस्ट बंगालने तो ४-१ असा जिंकला, बायचुंग भुतियाने तीन गोल केले. ज्यांचा संघ हरला, त्यांच्या घरी आजही हा विषय काढू नये.

लातूर आणि नांदेडच्या वाचकाला शेजारच्याशी असलेली चढाओढ वेगळी समजावून सांगायला नको. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले. नांदेडने शंकरराव आणि अशोक चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. २००९ मध्ये मराठवाड्यासाठी दुसरं महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. 'नीट'चा निकाल लागला की दोन्ही शहरांतल्या क्लासवाल्यांचे फलक एकमेकांशी बोलतात. ही चढाओढ कचेऱ्यांची, रेल्वेची आणि निकालांची. तिला मैदान नाही, नव्वद मिनिटं नाहीत, समोरासमोरची गॅलरीही नाही. कोलकात्यात ते सगळं आहे, हाच फरक.

तारीख ठरली, पण ती कुणाची?

१९८० नंतर दोन्ही क्लबांसमोर सोपा रस्ता होता. 'तुमच्यामुळे आमची माणसं गेली' असं म्हणत प्रत्येकाने आपापल्या मृतांची वेगळी यादी करायची. तसं झालं नाही. दिवस पाळायला घेतला तो आयएफएने, म्हणजे दोन्ही क्लबांच्या वरच्या संस्थेने. आणि रूप निवडलं रक्तदानाचं, ज्यात कुणी जिंकत नाही. सोळा ही संख्या अखंड राहिली. तिची वाटणी मोहन बागानचे इतके आणि ईस्ट बंगालचे इतके अशी होत नाही, आणि करायचीच म्हटली तरी शहराला ती रुचणार नाही.

याचा अर्थ वैर संपलं असा नाही. त्यानंतरही मैदानांवर दगड पडले, सामने अर्धवट सुटले. स्मरणदिन पाळला की माणसं शहाणी होतात, असं कोलकात्याच्या अनुभवातून म्हणता येत नाही.

तारखेवर राजकारणाचाही डोळा गेलाच. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत 'खेला होबे' ही तृणमूल काँग्रेसची घोषणा गाजली. निवडणूक जिंकल्यावर ममता बॅनर्जी यांनी १६ ऑगस्ट हा 'खेला होबे दिवस' म्हणून जाहीर केला आणि त्याचा संबंध १९८० च्या मृतांशी जोडला. भाजपने आक्षेप घेतला, कारण १९४६ साली मुस्लिम लीगच्या 'प्रत्यक्ष कृती दिना'ची तारीखही हीच होती आणि त्या दिवशी कोलकात्यात भीषण दंगल उसळली होती. वाद दोन पक्षांत रंगला. ज्या सोळा घरांतली माणसं गेली, ती घरं या वादात कुठेच नव्हती.

पण २०२४ साली याच आठवड्यात वेगळं काही घडलं. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्टला एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला होता आणि शहर पेटलं होतं. १८ ऑगस्टला ड्युरँड कपमधला मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना ठरला होता. सुरक्षेचं कारण देऊन तो रद्द झाला. स्टँडमधून निषेधाच्या घोषणा होतील ही भीती त्यामागे होती, असं चाहते उघडपणे म्हणत होते.

सामना नव्हता, तरी चाहते आले. सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर हिरव्या-मरून आणि लाल-सोनेरी जर्सी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, मोहम्मेडन स्पोर्टिंगचे पाठीराखेही त्यांच्यात मिसळले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, काही जणांना ताब्यात घेतलं. एका क्लबचा चाहता दुसऱ्या क्लबच्या चाहत्याला खांद्यावर घेऊन उभा आहे, असं छायाचित्र देशभर फिरलं. मोहन बागानचा कर्णधार सुभाशिष बोसही तिथे पोचला होता.

राजकीय पक्षांच्या मोर्चाला माणसं जमवावी लागतात. इथे ती आधीच जमलेली होती, फक्त एरवी समोरासमोर असतात ती त्या दिवशी एका बाजूला उभी राहिली. कुणाला कुठे गाठायचं, निरोप कसा पोचवायचा, घोषणा कुणी द्यायची, हे सगळं चाहत्यांच्या गटांना रोजच्या सवयीचं असतं. वैराने बांधलेली ही यंत्रणा आहे. गरज पडली की तीच दुसऱ्या कामाला लागते.

लिव्हरपूलचे लाल आणि निळे

जगातलं या बाबतीतलं सर्वांत मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेरची गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी एक फाटक उघडलं. आत आलेले लोक बोगद्यातून थेट गोलपोस्टमागच्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत गेले. पुढे लोखंडी जाळी होती. सहा मिनिटांत सामना थांबवला गेला. एकूण ९७ जणांचा बळी गेला, त्यातला शेवटचा २०२१ साली, बत्तीस वर्षं जखमांशी झगडून.

लिव्हरपूल शहरात दोन मोठे क्लब. लाल लिव्हरपूल, निळा एव्हर्टन. दोघांची जुनी मैदानं एका बागेच्या दोन टोकांना. दुर्घटनेनंतर चाहत्यांनी एका मैदानापासून दुसऱ्यापर्यंत, बाग ओलांडून, लाल आणि निळे मफलर एकमेकांना बांधत नेले. साधारण मैलभराची ती माळ झाली. पाच आठवड्यांनी एफए कपचा अंतिम सामना झाला आणि योगायोग असा, की त्यात हेच दोन संघ समोरासमोर होते. लिव्हरपूल ३-२ ने जिंकलं.

पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला होता. ते दारू पिऊन आले, तिकिटाशिवाय घुसले, असं सांगितलं गेलं आणि 'द सन' या वृत्तपत्राने ते छापलं. त्या शहरात हे वृत्तपत्र आजही अनेक जण घेत नाहीत, त्यात एव्हर्टनवालेही आले. मृतांच्या कुटुंबांनी सत्तावीस वर्षं लढा दिला. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. इतकी वर्षं टिकून राहायला कुटुंबांचं दुःख पुरलं नसतं. दर वर्षी १५ एप्रिलला भरणारं मैदान आणि दर सामन्यात होणारी न्यायाची घोषणा पाठीशी होती, म्हणून प्रश्न विझला नाही.

याची काळी बाजू जवळच, मँचेस्टरमध्ये आहे. मँचेस्टर युनायटेडचेही मृत आहेत. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला झालेल्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. दोन्ही क्लब दुःखाने भाजलेले, तरीही वर्षानुवर्षं युनायटेडच्या स्टँडमधून हिल्सबरोवर आणि लिव्हरपूलच्या स्टँडमधून म्युनिकवर टिंगलीच्या घोषणा झाल्या. २०२३ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनांना अशा घोषणांविरुद्ध कडक कारवाई जाहीर करावी लागली. एका शहरातल्या वैऱ्यांना एकमेकांच्या अंत्ययात्रेला जावं लागतं, तिथे शेजार आहे, सोयरीक आहे. दोन शहरांत तो धाक राहत नाही.

इंडोनेशियाचं उदाहरण मात्र याला छेद देतं. १ ऑक्टोबर २०२२ रोजी मालंगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये आरेमा संघ आपल्या कट्टर वैऱ्याकडून, सुराबायाच्या पर्सेबायाकडून, ३-२ ने हरला. हाणामारी टाळायची म्हणून पाहुण्या संघाच्या चाहत्यांना येऊच दिलं नव्हतं. म्हणजे समोर वैरी नव्हताच. सामन्यानंतर काही प्रेक्षक मैदानात उतरले आणि पोलिसांनी स्टँडवर अश्रुधूर सोडला. लोक फाटकांकडे गेले आणि तिथे अडकले. १३५ जण मेले. फिफाच्या सुरक्षा नियमांत स्टेडियमच्या आत असा वायू वापरायला मनाई आहे. नंतर सुराबायात पर्सेबायाच्या चाहत्यांनी मालंगच्या मृतांसाठी प्रार्थना केल्या, आणि ही दोन वेगवेगळी शहरं होती.

कोल्हापूरच्या तालमी

महाराष्ट्रात फुटबॉलचं असं वैर शोधायचं तर कोल्हापूरला जावं लागतं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस ही नावं पुण्या-मुंबईच्या वाचकाला कुस्तीची किंवा गणेश मंडळांची वाटतील, आणि त्यात फारशी चूक नाही. तिथले बरेच फुटबॉल संघ तालमीतून आणि पेठेतून आलेले आहेत. संघ बदलायचा म्हणजे पेठ बदलायची, आणि पेठ कुणी बदलत नाही. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यालाही हजारोंनी गर्दी होते. विश्वचषकाच्या महिन्यात गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, मेस्सी आणि नेमारचे दोन-तीन मजली फलक लागतात. अनिकेत जाधवसारखा १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला मुलगा याच मातीतला.

दगडफेक, मैदानात धावून जाणं, स्टेडियमबाहेर दोन गटांत मारामारी, हेही याच मातीतलं. सामने थांबवण्याची वेळ तिथे अनेकदा आली आहे. प्रत्येक वेळी चर्चा होते ती हुल्लडबाजांची, बंदोबस्ताची आणि गुन्हे दाखल करण्याची. ती व्हायला हवीच. पण ईडनवर दगडांनी सोळा जण मेले नव्हते. दगड चुकवताना जिन्यात जागा नव्हती म्हणून मेले होते. स्टँडमधून उतरायच्या वाटा किती, सामना सुटताना फाटकं पूर्ण उघडी असतात का, दोन्ही बाजूंचे लोक एकाच रस्त्यावर येतात का, हे प्रश्न हंगाम सुरू होण्याआधी विचारण्याचे आहेत, आणि ते पोलिसांइतकेच महापालिकेला आणि संयोजकांना विचारायचे आहेत.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या तालमी आणि मंडळं मदतीला उतरली होती. म्हणजे कोलकात्यातल्यासारखी जमलेली माणसं इथेही आहेत.

नागपूर, २६ नोव्हेंबर १९९५

महाराष्ट्राच्या मैदानावरची मोठी दुर्घटना मात्र फुटबॉलची नव्हती. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय सामना होता, मालिकेतला पाचवा. न्यूझीलंडने ८ बाद ३४८ धावा केल्या, नेथन अ‍ॅस्टलने ११४. त्या काळात ही धावसंख्या अचाट होती. दोन डावांच्या मधल्या सुट्टीत पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळली आणि प्रेक्षक खाली पडले. किमान नऊ जणांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले.

सुट्टी संपली आणि भारताचा डाव सुरू झाला.

तिथे दोन गट नव्हते, कुणी कुणावर दगड टाकला नव्हता, पंचांच्या निर्णयावर वाद नव्हता. सगळे एकाच संघाचे चाहते होते. सुट्टीत जागेवरून उठलेली, खायला-प्यायला निघालेली माणसं होती ती. हुल्लडबाजीचा आरोप करायलाही जागा नव्हती. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, ही तारीख कोलकात्याच्या तारखेसारखी रुजली नाही. भारतीय क्रिकेटच्या वर्षात २६ नोव्हेंबर हा काही पाळायचा दिवस नाही.

मराठवाड्याला स्मरणदिन म्हणजे काय ते ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालं होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. गावं उठून दुसरीकडे बसली, पण दर ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीतल्या स्मृतिस्तंभाशी लोक येतात. येणारे एकमेकांना ओळखतात. कुणाचा भाऊ, कुणाची सून, कुठली गल्ली, हे सांगणारं कुणीतरी असतं, कारण मेलेले एका गावचे होते आणि गाव अजून आहे.

स्टेडियममध्ये मेलेल्यांना गाव नसतं. ते तिकिटाच्या नंबराने एका दिवसापुरते शेजारी बसलेले असतात. त्यांच्या नावाने दरवर्षी जमणारं कुणी असेल, तर ते म्हणजे क्लब. ईडनच्या सोळा जणांना दोन क्लब मिळाले, हिल्सबरोच्या ९७ जणांना एक अख्खं शहर. नागपूरचे प्रेक्षक 'भारताचे चाहते' होते, म्हणजे सगळ्यांचेच आणि म्हणून विशेष कुणाचेच नाहीत. क्रिकेट मंडळ एका सामन्यावरून दुसऱ्या सामन्यावर गेलं, प्रेक्षकही गेले.

बंगळुरूची गोष्ट पुढे कशी जाते ते यासाठी पाहण्यासारखं आहे. ४ जून २०२५ रोजी रॉयल चॅलेंजर्सच्या पहिल्या आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. त्यानंतर महिला विश्वचषकाचे सामने बंगळुरूहून हलवण्यात आले आणि २ नोव्हेंबरचा अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. भारताच्या मुलींनी पहिला विश्वचषक महाराष्ट्रात जिंकला, त्यामागे हेही एक कारण होतं. बंगळुरूच्या मृतांना क्लब आहे, आणि त्याचे चाहते देशातल्या सर्वांत बोलक्या चाहत्यांपैकी आहेत. ४ जून त्यांच्या दिनदर्शिकेत विजयाच्या दुसऱ्या दिवशी येतो.

नागपूरचे आंतरराष्ट्रीय सामने २००८ पासून शहराबाहेर जामठ्याच्या नव्या मैदानावर होऊ लागले. १९९५ च्या त्या सामन्यात भारताचा डाव २४९ धावांत आटोपला आणि न्यूझीलंड ९९ धावांनी जिंकलं. मालिका भारताने ३-२ अशी घेतली.